झुंबरबाईचे दोन शे

विहीर सडकेच्या खुणेवर झाली असती, तर नेमीचंदशेठना सात हजार तीनशे अठ्ठेचाळीस रुपये सुटणार होते. हा हिशेब त्यांनी कुठल्या चोपडीत लिहिला नव्हता, पण कुसुंबवाड्याच्या निम्म्या गावाला तो तोंडपाठ होता. धरणगावकडे जाणाऱ्या सडकेला लागून शेठचे चौदा प्लॉट होते, दीडशेला एक असे घेतलेले. तिथे तेव्हा बाभळी होत्या, आणि दुपार झाली की बाभळींच्या बुडाशी मृगजळ चमकायचे. शेजारी खरे पाणी आले की त्याच प्लॉटला माणसे सातशे मोजतील, असा शेठचा अंदाज होता. चौदा साते अठ्ठ्याण्णव. त्यातून खरेदी वजा, वर्गणी वजा, उरले ते वर सांगितलेच.

सडकेच्या खुणेवर विहीर झाली असती तर झुंबरबाईचेही काही बिघडणार नव्हते. ती भोईवाड्यात राहायची आणि सहा मारवाडी घरांत पाणी भरायची. दर घरी तीन रुपये, महिन्याचे अठरा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी, अशी सव्वीस वर्षे झाली होती. सडक गावाबाहेर. तिथून पाणी आणायला शेठाण्या काही निघाल्या नसत्या. म्हणजे झुंबरबाईचे अठरा रुपये जागच्या जागी राहिले असते. विहीर चौकात झाली असती तर मात्र दर घरची मोलकरीण जाता येता बादली भरून आणती, आणि अठराचे शून्य.

एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे आहे.

साल त्रेपन्नचे. आदल्या वर्षी पाऊस गावावरून नुसता जाऊन आला होता. फाल्गुनातच गावातल्या तिन्ही विहिरींचे तळ दिसू लागले आणि सगळे गाव नदीच्या झिऱ्यावर आले. झिरा म्हणजे कोरड्या पात्रातल्या वाळूत हाताने उकरलेला खड्डा. काठाशी उकिडवे बसायचे, पाणी पाझरण्याची वाट पाहायची, पाझरले की वाटीने हंड्यात ओतायचे. वाट पाहता पाहता बायकांचे डोळे मिटायचे. झिऱ्यावर त्या दिवसांत भांडणेसुद्धा झोपेतल्यासारखी व्हायची. एकीने शिवी दिली तर दुसरीला ती पोचायला थोडा वेळ लागे.

सरकारने टंचाई निवारणाचा पैसा काढला होता. विहीर, टाकी आणि चार नळ मिळून खर्च सोळा हजार. त्यातले बारा हजार सरकार देणार, चार हजार गावाने वर्गणीने उभे करायचे. यादी आधी, रोकड मंजुरीनंतर. एकतीस मार्चच्या आत काम सुरू झाले नाही तर पैसा परत. धुळ्याहून ओव्हरसियर आले, गावभर हिंडले आणि चुन्याने दोन खुणा करून गेले. एक सडकेला, शेठच्या प्लॉटांच्या कडेला. दुसरी बाजारचौकात, पिंपळाच्या पाराशी. पाणी दोन्हीकडे लागेल म्हणाले, चहा प्याले आणि मोटारीत बसले.

मग आठ दिवस गाव दोन खुणांवरून भांडले. नेमीचंदशेठ म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष. कापसाचा व्यापार, गोड जीभ, आणि समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची सवय, कारण ऐकायला पैसे पडत नाहीत. त्यांनी सभेत तोडगा मांडला. "भांडण नको. ज्याचा वर्गणीचा आकडा सर्वांत मोठा, पहिली कुदळ त्याच्या हातची. कुदळ पडेल तिथे विहीर." ठराव पास झाला. शेठनी यादीत स्वतःचे एकशे एक्कावन्न मांडले, इतरांनी एकशे एक, एक्कावन्न, एकवीस असे मांडले. शेठच्या मनात यादी बंद व्हायच्या दिवशी आणखी दोनशे एक घालायचे होते. आधी मोठा आकडा सांगितला की दुसऱ्याला चेव येतो, हे त्यांना लिलावात शिकायला मिळाले होते.

यादी करायला जळगावच्या कचेरीतून एक टंचाई कारकून आला होता. मूळचा रत्नागिरीकडचा. गाव त्याला भाऊसाहेब म्हणे. माणूस नेकीचा, अक्षर मोत्यासारखे. पण खानदेशचे ऊन त्याला मानवत नव्हते. म्युनिसिपालिटीच्या ऑफिसच्या दारांना वाळ्याचे पडदे होते, शिंपडायला पाणी नव्हते. दुपारी दोनच्या सुमाराला भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढची अक्षरे हळूहळू हिरवी व्हायची. त्यांना आपले परसू दिसे, केळींमधून पाटाने चाललेले पाणी दिसे, रहाटाची करकर ऐकू येई. त्या करकरीवर त्यांची मान डुलायची आणि टाक मात्र चालू असायचा.

अशाच एका दुपारी झुंबरबाई दोन खेपांच्या मधल्या वेळात आली. हंडा पायरीवर ठेवला, चुंबळ डोक्यावरच राहू दिली.

"नाव?" भाऊसाहेब.

"झुंबरबाई. भोईवाडा."

"आकडा?"

"मना आकडा दोन शे."

भाऊसाहेबांनी डोळे उघडले. समोर ठिगळाचे लुगडे, अनवाणी पाय. पण कालच एका फाटक्या टोपीवाल्याने कनवटीला हात लावून एकशे एक सांगितले होते. या मुलखात पैसा अंगावर दिसत नाही, एवढे ते शिकले होते.

"दोनशे?"

"हां. दोन शे."

"नक्की ना, बाई? मागाहून कमी होणार नाही."

"कमी काब करसू? पन मनाजोडे यानावर नही शे, भाऊसाहेब. जास्ती मांगू नका."

भाऊसाहेबांना तिचा आदर वाटला. त्यांनी दोनावर दोन शून्ये घातली, तीही जरा ठसठशीत. मग खालपर्यंत बेरीज केली. बाकीच्यांचे तीन हजार आठशे होते. बरोबर चार हजार झाले. पै कमी नाही, पै जास्त नाही. रत्नागिरीच्या परसातले सगळे पाणी एकदम खळाळल्यासारखे त्यांना झाले. यादी बंद केली, शिक्का मारला आणि चारच्या टपालाने जळगावला लावून दिली. यादी बंद व्हायला अजून सहा दिवस होते, पण पूर्ण झालेली बेरीज उघडी ठेवायला त्यांचे मन होईना.

बाहेर शिपाई चुडामण पायरीवर बसला होता. त्याने झुंबरबाईला हंडा उचलू लागत विचारले, "काय वं अक्का, विहीर व्हयनी का तुना धंदा बुडस. अन तूच वर्गणी देस?"

"मनी मान देख," झुंबरबाई म्हणाली.

चुडामणने पाहिली. खांद्यांत दबून राहिलेली, पुढे झुकलेली मान. त्यात नवीन काही नव्हते. सगळा गाव तिला तशीच ओळखायचा.

"देखी," तो म्हणाला.

"बस, मंग. इचारू नको."

तिला तीन महिन्यांपासून एक स्वप्न पडत होते. सकाळच्या सहा खेपा संपल्या की ती नदीच्या वाटेवरल्या निंबाखाली टेकायची. मोहर अंगावर गळायचा आणि डोळा लागायचा. स्वप्नात डोक्यावर काही नसायचे. हंडा नाही, चुंबळ नाही. डोके इतके हलके व्हायचे की पाय जमिनीला पुरायचे नाहीत. ती निंबाच्या शेंड्यापर्यंत जायची, आणखी वर जायची. खाली कुसुंबवाडे पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखे दिसायचे. प्रत्येक दारातून एक पांढरी रेघ निघालेली असायची, बायकांच्या पावलांची. कोणती रेघ किती पावलांची हे झुंबरबाईला वरून वाचता यायचे. अक्षर एक येत नव्हते, पण पावले तिने सव्वीस वर्षे मोजली होती. ओझ्याखाली दुसरे काय करणार? सगळ्या रेघा लांबून येऊन एका ठिकाणी जवळ जवळ व्हायच्या. ते ठिकाण ओळखू येणार एवढ्यात निंबावरचा कावळा ओरडायचा, आणि जाग आली की पहिल्यांदा दिसायचा तो हंडा.

चोवीस मार्चला जळगावहून मंजुरी आली. बारा हजार मंजूर, यादी मान्य, काम एकतीसच्या आत सुरू करावे, ठरावाप्रमाणे अग्रदात्याच्या हस्ते. भाऊसाहेबांनी चुडामणला दवंडी पिटायला पाठवले.

दुपारची वेळ. नेमीचंदशेठ दुकानात गादीवर आडवे झाले होते. मिटल्या डोळ्यांपुढे चौदा पक्की घरे होती, चौदा तुळशी, चौदा ओसऱ्या, आणि प्रत्येक ओसरीवर कोणीतरी सातशे रुपये मोजत बसले होते. लांबून डफाचा आवाज येत होता. यादीला अजून दोन दिवस आहेत, परवा दोनशे एक घालू, असे त्यांचे झोपेत चालले होते.

"ऐका हो ऐका. विहीर मंजूर व्हयनी. सर्वांत मोठी वर्गणी, झुंबरबाई भोई, रुपये दोन..." चुडामणचा हात डफावरच थांबला. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "रुपये दोनशे. पहिली कुदळ तिना हातनी."

चौकात कोणीतरी हसले, आणि हसू एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर निवांत चालत गेले.

शेठ ऑफिसात आले तेव्हा पगडी हातात होती. "भाऊसाहेब, हे दोनशे कुठून काढले तुम्ही?"

"बाईंनी स्वतः सांगितले. तीनदा विचारले मी."

झुंबरबाईला बोलावणे गेले. ती आली, हंड्यासकट.

"बाई, तुम्ही वर्गणी किती सांगितली होती?" भाऊसाहेबांनी विचारले.

"दोन शे."

"ऐकलेत?" भाऊसाहेब शेठना म्हणाले.

शेठ मारवाडचे असले तरी जन्म इथलाच. ते खाली बसले आणि कपाळाला हात लावून हसू लागले. भाऊसाहेबांना कळेना. त्यांनी पुन्हा विचारले, "बाई, दोनशेच ना?"

"हां ना. दोन शे. कितींदाव सांगू?"

शेवटी चुडामण पुढे झाला आणि त्याने भाऊसाहेबांच्या नाकापुढे दोन बोटे धरली. "साहेब, आमनाकडे 'आहे'ले 'शे' म्हनतस. दोन शे. म्हंजे दोन आहे. दोन रुपया."

झुंबरबाईने पदराची गाठ सोडून दोन रुपये टेबलावर ठेवले. "हाई काय, मी तयारच शे."

भाऊसाहेबांचा चेहरा वाळ्याच्या पडद्यासारखा कोरडा झाला. दुरुस्ती करावी तर वर्गणी एकशे अठ्ठ्याण्णवाने कमी पडते, कागद जळगावला परत, तिथून मुंबईला. तोवर एकतीस तारीख उलटते आणि बारा हजार परत जातात. दुरुस्ती न करावी तर झुंबरबाईने दोनशे भरले पाहिजेत. तिसरी गोष्ट भाऊसाहेबांच्या नोकरीची होती; ती ते मोठ्याने बोलले नाहीत.

"आठ दिवस आहेत," नेमीचंदशेठ उठता उठता म्हणाले. "बघू या." त्यांचे हसू थांबले होते आणि आकडेमोड सुरू झाली होती.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई शेठच्या स्वयंपाकघरात माठात कळशी ओतत होती. शेठच्या बायकोने, सुगनबाईने, गाळणे धरले होते. शेठ कधी नव्हे ते आतल्या दारापर्यंत आले.

"झुंबर, तुझे एकशे अठ्ठ्याण्णव मी भरतो. पावती तुझ्या नावाची, दगडावर नाव तुझे. तू फक्त कुदळ सडकेच्या खुणेवर मारायची."

"अन दोन?" झुंबरबाईने विचारले.

"दोन तुझे तू दिलेस की."

सुगनबाई गाळण्यामागून हसली. "दोन रुपयेसुद्धा सुटत नाहीत यांच्याच्याने."

"तू मध्ये बोलू नको. झुंबर, तुझ्या फायद्याचे सांगतो. विहीर सडकेवर झाली तर ही तिथून पाणी आणील काय? तुझी सहाही घरे टिकतात. चौकात झाली तर उद्यापासून तुला कोण विचारतो? तुझे अठरा रुपये राहावेत म्हणून मी पदरचे दोनशे घालतोय, असे धर."

"धरसू," झुंबरबाई म्हणाली. "शेठ, तुमना आठेथीन सडकनी खूण किती पावलं शे?"

"मला काय ठाऊक. मी टांग्यातून जातो."

"सहाशे चाळीस. अन चौकनी?"

शेठनी बायकोकडे पाहिले. सुगनबाईनेच अंदाज केला, "चाळीसेक असतील."

"अडतीस." झुंबरबाईने कळशी उपडी करून शेवटचे थेंब माठात पाडले. "विचार करीसन सांगसू, शेठ. तुम्हीन वाईट काही बोलनात नही."

शेठ बाहेर गेले. सुगनबाई माठावर झाकण ठेवताना हळूच म्हणाली, "झुंबर, माझे ऐकशील तर घे. एवढे फुकट ते आयुष्यात कोणाला द्यायचे नाहीत."

"खरं शे, बाई. पन सडकवर मारी तं मरालोंग हंडा मना डोकावर शे. चौकमा मारी तं अठरा रुपया जातीन, पन डोकं मनं शे."

"आणि खाशील काय?"

झुंबरबाईने चुंबळ नीट केली. तिने हंडा उचलला.

त्या दुपारी निंबाखाली पुन्हा डोळा लागला. ती वर गेली. पांढऱ्या रेघा खाली पसरल्या होत्या. सुगनबाईची छोटी, भोईवाड्याची लांब, पलीकडच्या तेलीवाड्याची तर नदीपर्यंत जाऊन थकून वाकडी झालेली. तिने सगळ्या रेघा एकदा सडकेच्या खुणेकडे ओढून पाहिल्या, एकदा पिंपळाकडे. सडकेकडे त्या ताणल्या गेल्या आणि पिंपळाकडे सैल पडल्या. या वेळी कावळा ओरडला तो ठिकाण ओळखून झाल्यावर.

ती उठली आणि तशीच ऑफिसात गेली. भाऊसाहेब टेबलावर हात पसरून बसले होते. कालपासून त्यांना रत्नागिरी दिसली नव्हती.

"भाऊसाहेब, वर्गणीमा पैसा नही, पाणी चाली का?"

"पाणी?"

"कामले पाणी लागी ना? चुनाले, रेतीले, मजूरसले. ते मी आणसू. तुम्ही मांडा."

भाऊसाहेबांनी सरकारी परिपत्रक काढले. ते त्यांनी वीस वेळा वाचले होते, पण रोकड या शब्दापुढे कधी गेले नव्हते. पुढे लिहिले होते: रोकड, साहित्य अथवा श्रम. त्यांनी ती ओळ बोटाने दाबून धरली. दरपत्रकात पाण्याच्या खेपेला सात पैसे ते दोन आणे होते. भाऊसाहेबांनी पुरते दोन आणे, म्हणजे आठ पैसे धरले. इतकी सैल नोंद त्यांनी नोकरीत दुसरी केली नव्हती.

"एकशे अठ्ठ्याण्णव रुपयांच्या पंधराशे चौऱ्याऐंशी खेपा होतात, बाई."

"दिवसन्या आठ करसू. घरन्या सहा व्हयन्यात का मंग."

"एकशे अठ्ठ्याण्णव दिवस लागतील."

झुंबरबाईने मनाशी जुळवले. "म्हंजे दिवसले एक रुपया." ती पहिल्यांदाच हसली. "मना दिवसले रुपया कोनी मांडा नही आजलोंग."

अंगठा उठवताना तिचे बोट ओले होते, त्यामुळे ठसा फुलासारखा पसरला. भाऊसाहेबांनी तो तसाच राहू दिला.

तीस तारखेला सकाळी गाव ऑफिसपाशी जमले. शेठच्या हातात नारळ होता. श्रमाची नोंद झाल्याचे त्यांना कळले होते, तरी आशा सुटली नव्हती. बाईला अठरा रुपये नको झालेत, हे त्यांना कोणत्याच हिशेबात बसवता येत नव्हते. चुडामणने कुदळीला हळद-कुंकू लावून झुंबरबाईला दिली. तिने ती सवयीने डोक्यावर घेतली, चुंबळीवर आडवी, आणि दोन्ही हात मोकळे सोडून चालू लागली. कोणी हसले नाही. ऊन नुकते पिवळे होत होते आणि कुदळीचे पाते तिच्या डोक्यावर हलत नव्हते, जणू त्यातूनही काही सांडायची भीती होती.

ऑफिससमोर वाट फुटते. उजवीकडे सडक, डावीकडे चौक. झुंबरबाई तिथे थांबली. मागे सगळे थांबले. सडकेच्या टोकाला सकाळीच मृगजळ पडले होते. शेठचे चौदा प्लॉट त्यात तरंगत होते आणि क्षणभर सगळ्यांनाच तिथे घरे दिसली, खुद्द झुंबरबाईलाही. मग ती डावीकडे वळली. तिचे ओठ हलत होते, मोजत होती. पिंपळाच्या पाराशी चुन्याच्या खुणेवर आली, कुदळ उतरवली आणि मारली. आवाज मऊ आला, भाकरी थापल्यासारखा.

शेठनी नारळ फोडला. अध्यक्षांना ते करावेच लागते. पाणी उडाले ते त्यांच्या धोतरावर.

"झुंबर," ते तिच्या शेजारी उभे राहून हळू म्हणाले, "तू मला सात हजारांना पडलीस."

"पडनू ती सपनमा पडनू, शेठ," झुंबरबाई म्हणाली. "जागेपनी तुमना एक पैसा गया नही."

शेठनी थोडा विचार केला. म्हणणे बरोबर होते. तरी त्यांना दुपारी झोप लागली नाही.

मग एकशे अठ्ठ्याण्णव दिवस सुरू झाले. सकाळी सहा घरे, नंतर आठ खेपा. झिऱ्याचे पाणी चौकात, चुना मळायच्या घाण्यात, मजुरांच्या माठात. भाऊसाहेब दर खेपेला एक उभी रेघ मारत, आठ झाल्या की आडवी. त्यांना आता शे कळू लागले होते, आठवी खेप आली की तेच विचारत, "अक्का, आठ शे?" आणि ती म्हणे, "आठ शे. आठशे मांडू नका." एकदा तिचा पाय मुरगळलेला पाहून त्यांनी न आलेल्या दोन खेपा आधीच मांडल्या. तिने रेघा मोजल्या आणि दोन खोडायला लावल्या. "मी मोजस ना, साहेब."

विहीर खाली खाली गेली, तसे गावही तिच्याभोवती हळूहळू सरकत आले. लोक पिंपळाच्या पारावर येऊन बसत आणि खड्ड्यात पाहत. तिथे काही नसायचे, पण पाहून परतताना माणसे ओले काही पाहिल्यासारखी बोलत. आषाढात बेचाळीस फुटांवर पाणी लागले. वर आलेला पहिला पोहरा गढूळ होता. झुंबरबाईने त्यात बोट बुडवून कपाळाला लावले आणि विचारले, "आते टाकी कोठे शे?" टाकी गढीवर, चढणीवर होती; तिथवर पाणी न्यायचे होते. खेपा अजून नऊशे बाकी होत्या. चढण धरून अंतर झिऱ्याएवढेच भरत होते. पाऊस होता, पाय घसरायचे, काही दिवस काम बंदही राहिले. पण आता हंड्यातले पाणी तिच्याच विहिरीचे होते, आणि ते डोक्यावर का कोण जाणे थोडे कमी वजनाचे वाटायचे. वजन तेवढेच होते.

दिवाळीच्या आठवड्यात पंधराशे चौऱ्याऐंशीवी खेप झाली. त्या पाण्यात गवंड्याने चुना कालवला आणि त्याच चुन्याने विहिरीच्या कठड्यात नावांचा दगड बसवला. सर्वांत वर झुंबरबाई भोई, रुपये दोनशे. खाली नेमीचंदशेठ, रुपये एकशे एक्कावन्न. भाऊसाहेबांनी शेवटची आडवी रेघ मारली, वही बंद केली आणि टेबलावर डोके टेकून तिथेच झोपले. त्यांना बदलीचा हुकूम आला होता, रत्नागिरीचा. पण झोपेत त्या दिवशी त्यांना पिंपळ दिसला म्हणे.

झुंबरबाईने हंडा कठड्यावर पालथा घातला, चुंबळ काढून त्याच्यावर ठेवली आणि बसली. सुगनबाईची मोलकरीण आली, बादली भरली, गेली. झुंबरबाईने मोजले. अडतीस. दुसऱ्या घरची आली, बावन्न. तेलीवाड्यातली एक म्हातारी दोन कळशा घेऊन आली, भरता भरता थांबली आणि म्हणाली, "झुंबर, तुनी मान वर उनी दखास."

"आते कोन बसना शे तिनावर?" झुंबरबाई म्हणाली, आणि पाराला पाठ टेकून तिने डोळे मिटले. या वेळी तिला वर जावे लागले नाही. डोके हलके होते आणि पाय जमिनीवरच होते. चौकात बादल्यांचे आवाज येत होते. त्या आवाजात ती झोपली, भर दुपारी, सगळ्या गावासमोर.

आता एकदा जमाखर्च पाहून घेऊ. विहीर, टाकी आणि नळ मिळून सोळा हजार. सरकारने भरले बारा हजार. गावाने भरले तीन हजार आठशे, त्यात नेमीचंदशेठचे एकशे एक्कावन्न. शेठचे सात हजार स्वप्नातले, ते धरायचे नाहीत. झुंबरबाईने भरले रोख दोन रुपये, पाण्याने एकशे अठ्ठ्याण्णव. बेरीज बरोबर जुळते, पै कमी नाही, पै जास्त नाही. याशिवाय एक रक्कम आहे, ती दगडावर नाही आणि भाऊसाहेबांच्या वहीतही नाही: सहा घरांचे पाणी बंद, महिना अठरा रुपये, भरणार झुंबरबाई, मुदत चालू शे.